फँडेल्व्हरची हरवलेली खाण : टेबलावर उघडून ठेवण्यासाठी लिहिलेली ६४ पाने

ज्या गुहेतून ओढा बाहेर पडतो तिच्या तोंडातून आत शिरले की उजव्या हाताला काही ओबडधोबड दगडी पायऱ्या लागतात, आणि त्या चढून गेले की एका कोंदट खोलीत साखळीने बांधलेले तीन लांडगे दिसतात. आमच्या टेबलावरच्या पाच खेळाडूंपैकी चौघांनी लगेच तलवारी आणि धनुष्ये सरसावली. पाचवी खेळाडू होती माझी मावशी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली मावशी त्या दिवशी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून गोष्टीतली पात्रे होऊन खेळायचा खेळ पहिल्यांदाच खेळत होती. ती म्हणाली, "थांबा न बाप्पा! ते बांधून हायेत ना? मंग त्याईले आधी काही खायाले टाका." मी पुस्तिकेत पाहिले. त्याच खोलीच्या वर्णनाखाली स्पष्ट लिहिले होते की लांडग्यांना शांत करायचे असल्यास १५ किंवा त्याहून मोठे दान पडावे लागते, मात्र त्यांना अन्न दिले असेल तर १० पुरेसे आहे. मावशीच्या वीस बाजूंच्या फाशावर ११ पडले. लांडग्यांनी तिला खोलीत फिरू दिले आणि मागच्या भिंतीतली फट सगळ्यांच्या नजरेस आली. धुराड्यासारखी सुमारे ३० फूट वर जाणारी ती फट थेट टोळीच्या म्होरक्याच्या दालनात उघडते.

ही पुस्तिका म्हणजे 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, तेव्हा नव्या खेळाडूंसाठी काढलेल्या स्टार्टर सेटमध्ये ती होती. त्या खोक्यात ६४ पानांची ही मोहीम (म्हणजे खेळण्यासाठी आधीच लिहून ठेवलेली गोष्ट), ३२ पानांची नियमपुस्तिका, आधीच तयार करून दिलेली ५ पात्रे आणि ६ फासे एवढाच ऐवज होता, आणि अमेरिकेत त्याची छापील किंमत १९.९९ डॉलर होती. माझ्या भाचीने तिच्याकडचे खोके मला दिले आणि तेव्हापासून प्रतापनगरातल्या आमच्या घरी मी ही मोहीम तीन वेगवेगळ्या गटांबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालवली आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात एक जण डंजन मास्टर, म्हणजे बोलीभाषेत डीएम, होतो. तो जग आणि त्यातली माणसे उभी करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात काय करायचे ते ठरवतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. जग डीएमने स्वतः रचायचे किंवा प्रकाशित मोहीम विकत घ्यायची. हे परीक्षण अशाच एका विकतच्या मोहिमेचे आहे.

मोहीम वाचताना आवडणे आणि ती टेबलावर चालणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते बहुतेक सदोष मोहिमा इथेच घसरतात. कादंबरी वाचणाऱ्याला पुढे काय घडणार याची उत्सुकता असते. डीएमला मात्र समोर बसलेल्या पाच माणसांनी आत्ता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दहा सेकंदांत हवे असते. लांडग्यांच्या खोलीत हेच साधले आहे. त्या खोलीत अडचण आहे, तिच्यावरचा एक न लढता करण्याचा उपाय आहे, त्या उपायाला लागणारा आकडा आहे आणि उपाय साधल्यास मिळणारी वाट आहे, आणि या चारही गोष्टी एकाच ठिकाणी लिहिलेल्या आहेत. खेळाडू लांडग्यांना खाऊ घालतील असे लेखकाने गृहीत धरलेले नाही, त्यांना तसे सुचू शकते एवढीच शक्यता त्याने मोकळी ठेवली आहे. सुचले नसते तर लढाई झाली असती, आणि तिचे आकडेही तयार होते.

या पहिल्या गुहेत एकूण आठ जागा आहेत, आणि मांडणीचा अभ्यास करायचा असेल त्याने एवढा एक नकाशा जरी नीट पाहिला तरी बरेच काही हाती लागते. ओढ्याच्या पलीकडे झुडपात पहारेकरी गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे दुष्ट प्राणी, बसलेले असतात. आत गेल्यावर एक वाट लांडग्यांकडे, एक चढाची वाट गॉब्लिनांच्या राहण्याच्या जागेकडे आणि ओढ्याच्या काठाने जाणारी मुख्य वाट आत जाते. त्या मुख्य वाटेवर डोक्यावरून एक पूल जातो, आणि त्यावर उभा असलेला पहारेकरी सावध झाला तर पुढच्या दालनातले गॉब्लिन अडवून धरलेले पाणी सोडून देतात, ज्याच्या लोटात खाली असलेले खेळाडू वाहून जाऊ शकतात. म्हणजे एका जागेत जे घडते त्याचे पडसाद पुढच्या जागांत उमटतात. निकृष्ट मोहिमेत प्रत्येक खोली म्हणजे स्वतंत्र डबा असतो. एका खोलीत तलवारींचा खणखणाट चाललेला असतो आणि शेजारच्या खोलीतले राक्षस आपली पाळी येईपर्यंत निवांत बसून राहतात. इथे तसे होत नाही, त्यामुळे दबक्या पावलांनी जाण्याला खरोखर किंमत येते.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. गॉब्लिनांच्या राहण्याच्या जागेत यीमिक नावाचा त्यांचा एक पुढारी असतो आणि त्याच्या ताब्यात सिल्डर हॉलविंटर नावाचा जखमी माणूस असतो. यीमिकला म्होरक्याची, म्हणजे क्लार्ग नावाच्या बगबेअरची (गॉब्लिनांच्याच जातकुळीतल्या दांडग्या राक्षसाची), जागा हवी आहे. तो सिल्डरला कड्याच्या टोकाशी ओढून धरतो आणि सौदा मांडतो, की क्लार्गचे डोके आणून द्या आणि तुमचा माणूस घेऊन जा. खेळ सुरू होऊन जेमतेम दोन तास झालेले असतात, नवख्या खेळाडूंना अजून नियमही नीट उमगलेले नसतात, आणि तरीही त्यांच्यासमोर असा पेच उभा राहतो ज्याचे एकच बरोबर उत्तर नाही. माझ्या तीन गटांनी तीन वेगळी उत्तरे काढली. एकाने सौदा पाळला, दुसऱ्याने सौदा मान्य करून ऐनवेळी यीमिकवरच झडप घातली. तिसऱ्या गटातला एक खेळाडू बाजार समितीत अडत्याकडे हिशेब पाहतो, त्याने अर्धा तास घासाघीस करून सिल्डरला आधी सोडवून घेतले आणि काम मात्र नंतर करण्याचे कबूल केले. पुस्तिकेत या घासाघिशीचे संवाद नाहीत. यीमिकला काय हवे आहे आणि तो कशाला घाबरतो एवढेच आहे, आणि त्या दोन गोष्टी हातात असल्यामुळे मला अर्धा तास त्याच्या तोंडून न अडखळता बोलता आले.

मोहिमेतल्या पात्राबद्दल डीएमला नेमके काय सांगायला हवे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. माझ्याकडे दुसऱ्या एका प्रकाशकाचे, सुमारे अडीचशे पानांचे देखणे पुस्तक आहे, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही. त्यातल्या एका सरदाराचे बालपण, त्याचा भावाशी झालेला तंटा आणि त्याच्या आईचा मृत्यू यांवर अडीच पाने खर्ची पडली आहेत. त्यातले काहीही खेळाडूंपर्यंत पोहोचण्याची सोय मोहिमेत कुठेही नाही, आणि तो सरदार खेळाडूंना मदत करील की नाही या एकमेव उपयोगी प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या प्रकरणातल्या एका परिच्छेदात मधोमध दडलेले आहे. आमच्या खेळाडूंनी त्याला गाठून सरळ मदत मागितली तेव्हा मी पाने चाळत राहिलो. ती शांतता लांबत गेली, कुणी मोबाइल काढला, कुणी चहा टाकायला उठले, आणि तो प्रसंग पुन्हा रंगला नाही. त्याच पुस्तकात पुढे एका खुनाचा तपास आहे. त्याचा एकुलता एक पुरावा गुप्त दारामागे ठेवलेला आहे, आणि ते दार सापडण्यासाठी फाशावर मोठे दान पडावे लागते. कुणालाच ते पडले नाही. पुढचे दोन तास पाच हुशार माणसे एका रिकाम्या हवेलीत फिरत राहिली, आणि शेवटी मला पुस्तक बाजूला ठेवून एका नोकराच्या तोंडी सत्य घालावे लागले.

जे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे मोहिमेत असावेत, असा एक संकेत या छंदात रूढ आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. खेळाडू पहिला धागा पाहत नाहीत, दुसऱ्याचा चुकीचा अर्थ लावतात आणि तिसरा पकडतात. फँडेल्व्हरच्या पुस्तिकेने हा संकेत बऱ्याच अंशी पाळला आहे. खेळाडूंना कामाला लावणारा गुंड्रेन रॉकसीकर हा बुटका खाणमालक कुठे आहे हे शोधायचे असते, आणि तो ज्या गढीत आहे तिचा पत्ता पकडलेल्या गॉब्लिनांकडून काढता येतो, लाल झगेवाल्या गुंडांच्या म्होरक्याकडून काढता येतो, किंवा थंडरट्री या उजाड गावात राहणाऱ्या रेडॉथ नावाच्या ड्रुइडकडूनही (निसर्गाची जादू जाणणाऱ्या साधूकडूनही) मिळू शकतो. त्यामुळे कोणत्या गटाने कोणती वाट धरली तरी गाडी अडून पडत नाही.

हे लाल झगेवाले म्हणजे मूळ पुस्तिकेतले रेडब्रँड्स. त्यांनी फँडलिन नावाच्या, जेमतेम चाळीस-पन्नास लाकडी घरांच्या वस्तीवर दहशत बसवली आहे, आणि त्यांचा अड्डा एका पडक्या वाड्याच्या तळघरात आहे. तिथे वाड्यातून सरळ उतरता येते. पण वस्तीतल्या एका शेतकरीण बाईचा लहान मुलगा रानात खेळताना दुसरे तोंड पाहून आलेला आहे, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलणाऱ्या खेळाडूंना तो ते सांगतो. मला ही योजना अतिशय आवडते. मुलांशी प्रेमाने बोलणे हे नियमपुस्तिकेत कुठेही कौशल्य म्हणून लिहिलेले नाही, तरी इथे त्याचे थेट फळ मिळते, आणि ते तलवारीच्या फळापेक्षा मोठे असते. आमच्या दुसऱ्या गटात दंतवैद्य असलेल्या खेळाडूने त्या पोराला आधी त्याच्या पडलेल्या दाताबद्दल विचारले होते. दात पडल्याचे पुस्तिकेत नाही, ते त्या क्षणी तिनेच रचले. पण पुस्तिकेने तिला तिथे बोलायला एक माणूस दिला होता. तळघरात खोल भेगेच्या काठावर नॉथिक नावाचा एकडोळ्या प्राणीही राहतो, आणि तोही यीमिकसारखाच बोलण्याने वश होऊ शकतो. त्याला खायला हवे असते. गुहेतल्या लांडग्यांवरून खेळाडू जे शिकले ते इथे पुन्हा कामी येते, पण आता समोरचा प्राणी चतुर असतो. आधी सोपा धडा आणि मग त्याचेच अवघड रूप, ही क्रमवारी शिक्षकी पेशातल्या मावशीच्या लगेच लक्षात आली.

नागपूरच्या मे महिन्यात खेळणाऱ्यांना आणखी एक कसोटी आपोआप मिळते. खिडकीतला कूलर पूर्ण वेगाने चालू असतो, त्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोलावे लागते, आणि अशा वेळी चौकटीत छापलेला, डीएमने मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर दहा ओळींचा असेल तर तिसऱ्या ओळीनंतर कुणाचेही लक्ष राहत नाही. हा मजकूर तीन-चार वाक्यांत संपायला हवा आणि त्याच्या शेवटच्या वाक्यात असे काहीतरी असायला हवे ज्यावर खेळाडूंना लगेच काही करावेसे वाटेल. या पुस्तिकेचा पहिलाच प्रसंग त्या दृष्टीने आदर्श आहे. रस्त्यात दोन घोडी मरून पडली आहेत, त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण आहेत, दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. संपले. मी ते मराठीत सांगतो आणि थांबतो, आणि सहसा पहिला प्रश्न येतो, "बाण कोणत्या बाजूने आलेत?" काही चौकटी मात्र मलाही कापाव्या लागल्या, विशेषतः शेवटच्या खाणीतल्या, जिथे प्रत्येक दालनाची उंची आणि भिंतींचा पोत सांगण्याची हौस लेखकांना आवरलेली नाही. शिवाय वर्णनात खेळाडूंच्या भावना लिहून देऊ नयेत, हे पथ्य बहुतेक प्रकाशकांनी पाळायला हवे. "तुमच्या अंगावर भीतीने काटा येतो" असे वाचून दाखवले की ज्याच्या अंगावर काटा आलेला नाही तो खेळाडू टेबलापासून दूर जातो.

त्या मेलेल्या घोड्यांच्या प्रसंगाबद्दल अजून थोडे सांगायला हवे. तिथे चार गॉब्लिन दबा धरून असतात, दोन अंगावर येतात आणि दोन लांबून बाण मारतात. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, पात्रांसाठी ही लढाई सोपी नाही, कारण त्यांच्याकडे मोजून आठ-दहा हिट पॉइंट (मार सोसण्याच्या ताकदीचे गुण) असतात आणि एखादा नेमका बाण त्यातले निम्मे घेऊन जातो. सगळेच खेळाडू कोसळले तर काय, या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत दिलेले आहे: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध टाकून, लुटून निघून जातात, शुद्धीवर आल्यावर वस्तीत जाऊन नवे सामान घेता येते आणि परत येऊन गॉब्लिनांचा माग काढता येतो. पराभव झाल्यास गोष्ट कुठे जाते हे लिहून ठेवणे मी चांगल्या मोहिमेची सर्वांत भरवशाची खूण मानतो. ज्या मोहिमेचा लेखक "खेळाडूंनी सरदाराला हरवल्यावर" असे लिहून पुढच्या प्रकरणाकडे जातो, त्याने आपली गोष्ट टेबलावर खेळून पाहिलेली नाही किंवा खेळाडूंना हरण्याची मुभाच ठेवलेली नाही. दुसरी शक्यता अधिक वाईट, कारण मग डीएमला फासे लपवून खोटे बोलावे लागते, आणि एकदा खेळाडूंना ते कळले की पुढच्या कुठल्याच विजयात त्यांना रस राहत नाही.

एकाच वाटेने नेणाऱ्या मोहिमांची परंपरा कुठून आली हे समजून घेतले तर त्यांच्याबद्दलचा राग थोडा निवळतो. हा खेळ १९७४ साली प्रकाशित झाला आणि सुरुवातीच्या अनेक मोहिमा संमेलनांतल्या स्पर्धांसाठी लिहिल्या गेल्या. 'टूम ऑफ हॉरर्स' ही कुप्रसिद्ध मोहीम १९७५ साली अशाच एका संमेलनात खेळवली गेली आणि १९७८ साली छापली गेली. स्पर्धेत दहा टेबलांवर दहा गट एकाच वेळी खेळत असतात आणि कोण किती पुढे गेले यावर गुण द्यायचे असतात, त्यामुळे वाट एकच असणे आणि सापळे क्रूर असणे तिथे सोयीचे होते. ती सोय घरच्या टेबलावर, महिनोन्महिने एकच पात्र जपणाऱ्या माणसांसमोर आणली की अन्यायाची होते.

फँडेल्व्हरचा तिसरा भाग मोकळा आहे. नकाशावर चार-पाच ठिकाणे आहेत, वस्तीतल्या वेगवेगळ्या माणसांनी त्यांपैकी एकेका ठिकाणचे काम सांगितलेले असते, आणि कुठे आधी जायचे ते खेळाडूंनी ठरवायचे. कामे सांगणाऱ्या माणसांचे हेतूही एकमेकांना छेदतात. खाणकामगारांचा व्यवहार पाहणाऱ्या हेलिया थॉर्नटनला लाल झगेवाल्यांचा म्होरक्या संपवायचा आहे आणि त्याची पत्रे हवी आहेत, तर सिल्डर ज्या हरवलेल्या सहकाऱ्याला शोधतो आहे तो म्हणजे हाच म्होरक्या असल्याचे नंतर उघड होते. तयार करून दिलेल्या पाच पात्रांनाही या प्रदेशात आधीपासून काहीतरी अडकवणारे दिले आहे: धनुर्धराचे पूर्वज थंडरट्रीचे, हाफलिंग, म्हणजे ठेंगू जमातीतल्या, चोराचा लाल झगेवाल्यांशी जुना हिशेब. त्यामुळे "आपण तिथे काहून जायचं?" हा प्रश्न माझ्या टेबलावर फारसा कुणी विचारला नाही.

पण याच भागात मोहिमेचा सर्वांत मोठा दोषही आहे. थंडरट्रीच्या पडक्या बुरुजात एक तरुण हिरवा ड्रॅगन राहतो. त्याच्या विषारी फूत्काराने सरासरी ४२ हिट पॉइंटचे नुकसान होते, आणि तिसऱ्या लेव्हलच्या पात्राकडे साधारण २० ते ३० हिट पॉइंट असतात. म्हणजे एका फूत्कारात सगळा गट आडवा होऊ शकतो. धोका मोठा असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सूचनेच्या तुटपुंजेपणाला. गावाच्या वेशीवर लावलेल्या पाटीवर झाडांच्या राक्षसांचा आणि झोम्बींचा इशारा आहे, पण ड्रॅगनचा उल्लेख नाही. रेडॉथ भेटला तर तो सांगतो, मात्र तो गावातच असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी खेळाडू बुरुजाकडे वळू शकतात. ड्रॅगनचे बळ अर्ध्यावर आले की तो उडून जातो, ही तरतूद चांगली आहे. तरी ते बळ १३६ आहे आणि अर्ध्यापर्यंत पोहोचणेच कठीण आहे. प्राणघातक धोका खेळाडूंना दुरून दिसला पाहिजे, मग तरीही पुढे जाणे हा त्यांचा निर्णय ठरतो. मी वस्तीतल्या एका गुराख्याच्या तोंडी दोन वाक्ये घालतो, की रानावरून काही मोठे उडत गेले आणि त्यानंतर विहिरीच्या पाण्याला दोन दिवस उग्र वास येत होता. तेवढ्याने खेळाडू सावध होतात. ही पुस्तिका चालवणाऱ्या प्रत्येकाने असे काहीतरी घालावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दोष काळाचा आहे. गुंड्रेन कैदेत आहे, पण त्याच्या सुटकेला दोन दिवस लागले काय आणि वीस दिवस लागले काय, गढीतली परिस्थिती खेळाडू पोहोचतील तेव्हा तशीच असते. त्यामुळे तिसऱ्या भागात ताण सैल पडतो. मुख्य खलनायक, ब्लॅक स्पायडर म्हणवणारा नेझ्नार नावाचा ड्रो (जमिनीखाली राहणाऱ्या जमातीतला), शेवटच्या खाणीत पोहोचेपर्यंत केवळ पत्रांतून आणि हस्तकांच्या बोलण्यातून भेटतो, आणि म्हणून अखेरच्या सामन्यात त्याच्याबद्दल राग येण्याऐवजी खेळाडूंना क्लार्गचीच आठवण अधिक येते. राक्षसांचे आकडे पुस्तिकेच्या शेवटी परिशिष्टात आहेत, त्यामुळे लढाईत सारखी पाने उलटावी लागतात. मी त्या पानांच्या झेरॉक्स काढून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि तेवढ्याने काम भागते.

खुद्द खाणीबद्दल आमच्या टेबलाचा अनुभव विशेष आहे. वेव्ह इको केव्ह ही खाण पुस्तिकेतल्या कथेनुसार शेकडो वर्षांपूर्वी ऑर्क नावाच्या रानटी राक्षसांच्या हल्ल्यात बंद पडली, आणि तिच्यात ठरावीक अंतराने लाटांचा घुमणारा आवाज येत राहतो. आमच्यातल्या एका खेळाडूचे वडील रामटेकजवळ मनसरच्या मँगेनीज खाणीत कामाला होते. तो आत शिरताच विचारू लागला, "हवा कुठून येते? पाणी साचलं असंन तर खालच्या पातळीवर असंन, वरच्या नाही. लाकडाचे टेकू कुजले का?" हवेबद्दल पुस्तिकेत काही नव्हते. पण आवाज कुठून येतो, पाणी कुठे आहे, कोणती दालने कोणत्या वाटांनी जोडलेली आहेत आणि कुठून वळसा घालून परत येता येते, हे सगळे नकाशावर होते, आणि ते एकमेकांशी सुसंगत होते. त्याच्या प्रश्नांची उत्तरे मी नकाशाकडे पाहून देऊ शकलो. वळसा घालून मागून येण्याच्या वाटा असल्यामुळे त्याच्या गटाने समोरच्या मोठ्या दालनातला सामना पूर्णपणे टाळला. ज्या जागेची रचना तिच्या पूर्वीच्या वापरावरून ठरलेली असते, तिथे खेळाडूचे खरे ज्ञान चालते, आणि एखाद्या माणसाला आपल्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट टेबलावर कामी आलेली पाहताना मला जो आनंद झाला तो मी विसरणार नाही.

मराठीतून चालवताना नावांचा थोडा विचार करावा लागतो. वस्तीतली माणसे आठ-दहा आहेत आणि त्यांची इंग्रजी नावे पहिल्या दिवशी कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. मी नावे तशीच ठेवतो, पण प्रत्येकाला एक ओळख जोडतो: फळबागवाला म्हातारा, किराणा दुकानदार, देवळातली बाई, घाबरट मुखिया. खेळाडू त्याच ओळखीने त्यांना हाक मारतात. पुस्तिकेत या माणसांची माहिती परिच्छेदांत विखुरलेली आहे, म्हणून एका पानावर प्रत्येकाचे काम, हेतू आणि त्याला ठाऊक असलेली एक गोष्ट असे मराठीत टिपून ठेवावे. मला त्याला एक संध्याकाळ लागली.

२०१४ चे मूळ खोके आता सहजासहजी मिळत नाही. याच कथेला पुढे वाढवून २०२३ साली एक मोठे पुस्तक निघाले, पण नव्या डीएमला मी जुनी ६४ पानेच सुचवीन, मग ती एखाद्या मित्राकडून उसनी का घ्यावी लागेनात. पहिला भाग दोनदा वाचावा, दुसऱ्या भागातली माणसे टिपून घ्यावीत, थंडरट्रीचा इशारा स्वतः घालावा आणि शेवटची खाण खेळाडू चौथ्या लेव्हलला पोहोचेपर्यंत वाचली नाही तरी चालेल. दर रविवारी तीन तास बसणाऱ्या गटाला ही मोहीम साधारण तीन-चार महिने पुरते. आमचा चौथा गट येत्या रविवारी सुरू होतो आहे, आणि मावशीने यावेळी हाफलिंग चोराचे पात्र मागून घेतले आहे.